‘नेम’ फक्त देवाधर्माचाच का?

लातूर (प्रश्न) : मी रोज पहाटे चालायला जातो. घरी पाहुणे आले की आई सांगते, “त्याचा चालायचा नेम आहे.” पुण्याच्या मित्राला ते खटकलं. त्याच्या मते नेम हरिपाठाचा, एकादशीचा; चालण्याला ‘सवय’ म्हणावं, नाहीतर सरळ ‘रूटीन’. आपल्याकडं कोण कसं वापरतं? आणि नेम, व्रत, नवस यांत फरक काय?

परभणी : आईचं बरोबर आहे. ‘नेम’ हा संस्कृत ‘नियम’चाच झिजलेला शब्द, धातू ‘यम्’, म्हणजे आवरणं. पण मराठीत दोन्ही राहिले आणि त्यांची वाटणी झाली. नियम शाळेचा, बँकेचा, रस्त्याचा. नेम आपण होऊन धरलेला. मोडला तर दंड नाही, पण दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

क्रियापदं बघा. नवस बोलतात आणि फेडतात. तुळजापूरला, माहूरला जाऊन फेडला की देणं संपलं. व्रत घेतात, त्याचं उद्यापन होतं. नेम धरतात, पाळतात. तो फिटत नाही, कारण त्यात देवीकडं काही मागितलेलंच नसतं. आमच्या गल्लीत मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन पाच घरी जोगवा मागणाऱ्या एक मावशी आहेत. देवीला काय बोलला होता, असं विचारलं तर म्हणाल्या, “बोलले काय नाय, नेम हाय.”

छत्रपती संभाजीनगर : थोडी दुरुस्ती. चातुर्मासाच्या नेमाला मुदत असते. आषाढीला कांदा-वांगं सोडलं की कार्तिकीपर्यंत.

नांदेड : आमच्या शहरात हा शब्द दोन भाषांत ऐकू येतो. शीख बांधव रोजच्या पाठाला ‘नितनेम’ म्हणतात : पहाटे जपजी साहिब, संध्याकाळी रहिरास, झोपताना सोहिला. हरिपाठातलं ‘नित्यनेम नामीं’ म्हणजे तोच शब्द.

पण मला ‘नेम’ सगळ्यात जास्त कळतो तो नकारातून. “पावसाचा काही नेम नाही” हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मृग कोरडा गेला, दुबार पेरणीची वेळ आली की रोज तोंडी असतं. तेच माणसाबद्दल : “त्याचा काही नेम नाही.” सोयरीक जुळवताना मुलाबद्दल एवढं वाक्य आलं तरी बैठक मोडते. तो वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. त्याच्यावर विसंबता येत नाही, एवढंच. म्हणजे नेम आपल्यापुरता नसतो. तो असला की दुसऱ्याला आपला भरवसा धरता येतो.

माझी बहीण सासरहून आईला रोज रात्री फोन करते. भाजी काय केली, सोयाबीनला भाव काय, लाईट गेली का, इतकंच बोलणं. त्याला ‘फोनची सवय’ म्हटलं तर त्यातली मायाच जाते. सवय नकळत लागते, चहाची, तंबाखूची. नेम जाणूनबुजून धरावा लागतो, आणि कंटाळा आलेल्या दिवशीही तिचा फोन येतो म्हणून मी त्याला नेम म्हणतो.

बीड : गोट्या खेळतानाही ‘नेम धर’च म्हणायचो. तिथंही ‘धरणं’च.

परभणी : ‘सवय लागते, नेम धरतात’ हे फार पटलं. पातंजल योगसूत्रांत नियम पाच आहेत : शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. ईश्वर पाचवा, त्याआधीचे चार स्वतःला घडवण्याचे. मग चालण्याला, वाचनाला नेम म्हणण्यात देवाचं काही कमी होत नाही.

लातूर : मित्राला हे सगळं पाठवतो. एकच उरलं. घरी ‘नेमानं चालायलाय’ म्हणतात. लिहिताना ‘नियमित’ लिहावं का?

नांदेड : डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘नियमित’ ठीक. अभ्यास, वाचन, आईची विचारपूस, चालणं यांबद्दल लिहिताना बेधडक ‘नेमानं’ लिहा. प्रमाणभाषा हवी असेल तर ‘नेमाने’.