शब्दचर्चा : पिंपात मुरलेली आंबट बीअर

झेन्नाकाठी :
इथे ब्रसेल्समध्ये आम्ही चार-पाच मराठी घरं अधूनमधून जमतो. पुढच्या बैठकीला लाम्बिक आणि गूझ या इथल्या आंबट बीअर चाखायचा बेत आहे, आणि कुठली बाटली कशी लागते याचा मराठी तक्ता करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. इंग्रजी तक्ते चाळले, तर 'सावर', 'फंकी' आणि 'बार्नयार्ड' या तीन शब्दांवर सगळा संसार. मराठीत करायला बसले, तर शब्द ढीगभर, पण निम्म्यांचा अर्थ 'टाकून द्या' असा! आंबलं, विटलं, नासलं, उतरलं. असला तक्ता वाचून कोण पेला तोंडाला लावेल?

ज्यांचा या बीअरशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं. ब्रसेल्सच्या नैर्ऋत्येचा पायोटनलांड आणि झेन्ना नदीचं खोरं हे हिचं माहेर. जवाच्या माल्टबरोबर किमान 30 टक्के मोड न आणलेला गहू. हॉप्स, म्हणजे बीअरमध्ये घालायची कडू फुलं, मुद्दाम जुने, वर्ष-दोन वर्षं ठेवलेले. त्यांचा कडूपणा नको असतो, काढा टिकवण्यापुरते ते हवे असतात. हा काढा तासन्‌तास उकळतात आणि मग उथळ, उघड्या, ऐसपैस भांड्यात रात्रभर निवत ठेवतात. यीस्ट घालायचंच नाही. हवेतून आणि वास्तूतून जे पडेल ते. म्हणून साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच हंगाम, कारण उन्हाळ्यात नको ते जंतू शिरजोर होतात. दुसऱ्या दिवशी काढा लाकडी पिंपांत जातो आणि एक, दोन, तीन वर्षं तिथेच राहतो. नुसती लाम्बिक जवळजवळ बिनफेसाची असते. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लाम्बिक एकत्र करून बाटलीत भरल्या, की कोवळीतल्या उरल्यासुरल्या साखरेवर बाटलीतच पुन्हा आंबवण होऊन फेस धरतो. ती गूझ. आंबट चेरी घातली की क्रीक.

तर 'बॅरल-एज्ड'ला काय म्हणू? 'आंबट'च्या छटा कशा दाखवू? त्या निववायच्या भांड्याला काही शब्द आहे का? आणि 'फंकी'चं काय करू?

कोशवाला :
पहिल्याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, राजकारणीही मुरलेला असतो. मुरणं म्हणजे वेळ आत जिरणं, आणि त्याला कधीच वाईट वास नाही. 'पिंपात मुरलेली' म्हणा. कृपा करून 'काष्ठपात्र-परिपक्व' वगैरे करू नका.

आंबणं आणि आंबवणं यांतला फरकही कामाला येईल. आमटी आंबते, म्हणजे आपलं लक्ष नव्हतं. पीठ आंबवतो, म्हणजे आपण लक्ष ठेवून होतो. त्यामुळे 'आंबलेली बीअर' नको, 'आंबवलेली' चालेल.

माडावरचा :
पण कोशवाले, इथेच तर गोची आहे. त्या लाम्बिकला कोणी आंबवतच नाही, ती आपली आपण आंबते! आमच्या कोकणात माडी अशीच. सकाळी उतरवलेली गोड, दुपारपर्यंत आंबटसर, संध्याकाळी डोक्यात. विरजण कोणी लावत नाही. हवा आहे, पोय (माडाचा फुलोरा) आहे, आणि मडक्यात कालच्या माडीचा अंश आहे. म्हणून मी 'बिनविरजणाची' म्हणेन. ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

झेन्नाकाठी :
'बिनविरजणाची' घेतला! मडक्यातल्या अंशाचा मुद्दाही चपखल आहे. पिंपांच्या लाकडात जुने जंतू मुक्काम ठोकून असतात, तेही काम करतात. आंदरलेख्टमध्ये कांतियों नावाची 1900 सालची ब्रुअरी आहे, तिथेच गूझचं संग्रहालयही आहे. तिथे पिंपांवरची कोळिष्टकं झाडत नाहीत. चिलटं आली तर कोळी बघून घेतात. सासूबाईंना दाखवायला नेलं होतं, त्यांचा हात केरसुणीसाठी शिवशिवत होता.

गुऱ्हाळकर :
त्या उथळ भांड्याला शब्द शोधताय म्हणून लिहितो. वर्णन वाचून कोणीही 'काहील' म्हणेल, पण काहील उकळायची. आमच्याकडे, म्हणजे कोल्हापूरकडे, काहिलीतला पाक निववायला ओततात तो 'वाफा'. पसरट, उथळ, उघडा. तुमच्या ब्रुअरीत उकळायचं भांडं वेगळं आणि निववायचं वेगळं असेल, तर पहिली काहील आणि दुसरा वाफा. जोडीच जमते.

तुरटी :
वाफा भारी! आता आंबटाकडे या, सगळा खेळ तिथेच आहे. मी तरी 'आंबट' या एकाच शब्दावर थांबणार नाही, कारण यात किमान दोन वेगवेगळी आम्लं आहेत. पेडियोकॉकस नावाचा जिवाणू लॅक्टिक आम्ल करतो. ते ताकाच्या जातीचं, गोलसर, जिभेच्या कडांना लागतं. दुसरं ॲसेटिक, म्हणजे शिरक्याचं. लाकडातून झिरपणारी थोडीशी हवा मिळाली की ते तयार होतं आणि जिभेआधी नाकाला कळतं. पहिल्याला 'आंबट', दुसऱ्याला 'झोंबरा' म्हणा. एखादी बीअर आंबट असेल पण झोंबणार नाही, हे वाक्य मराठीत सरळ उभं राहतं. इंग्रजीत 'सावर बट नॉट सावर' म्हणायची पाळी येते.

पश्चिम फ्लाँडर्सची तांबडी बीअर तक्त्यात असेल, तर हा भेद लागेलच. रुसेलारेच्या रोडेनबाख ब्रुअरीकडे 294 उभी ओक पिंपं आहेत, काही तर माणसाच्या दुप्पट उंचीची. त्यांची ग्रां क्रू नावाची बीअर म्हणजे दोन तृतीयांश दोन वर्षं मुरलेली आणि एक तृतीयांश कोवळी. तिच्यात झोंबरेपणा असतो, पण मागून चेरीसारखा गोडवा येतो म्हणून तो सुसह्य होतो. लाम्बिकमध्ये तेवढाच झोंबरेपणा आला, तर मी ती बाटली नापास करेन. बऱ्याच जणांना पटणार नाही, पण शिरका प्यायचा तर शिरकाच प्यावा.

आणि हो, ओकचा तुरटपणा वेगळा लिहा. 'तुरट' हा आपला हुकमी एक्का आहे.

आंबटशौकीन_नाशिक :
माझं नाव बघून हसू नका, द्राक्षाच्या गावचा आहे. आंबटाची चढती भाजणी देतो, घ्या: आंबूस, आंबटसर, आंबट, आंबटढाण.

कोशवाला :
'आंबूस' त्या भाजणीतून काढा. तो चवीचा नाही, वासाचा शब्द आहे, आणि बहुतेक वेळा तक्रारीचा. घामाचा आंबूस वास, डब्याचा आंबूस वास. 'आंबूस बीअर' म्हटलं की वेटरला हाक मारायची वेळ झाली. बाकी तिन्ही पायऱ्या ठीक. वर एक कसोटीही ठेवा: दात आंबले का? आंबटढाण म्हणजे दात आंबवणारं. या क्रियापदाची सर इतर कशाला नाही.

झेन्नाकाठी :
काल रात्री एक गूझ उघडली, तीन वर्षं तळघरात आडवी असलेली. इथे ती वेताच्या टोपलीत तशीच आडवी ठेवून ओततात, तळचा गाळ हलू नये म्हणून. रंग जुन्या तुपाचा, फेस बारीक आणि हट्टी. पहिल्या घोटाला कानाखाली आवळल्यासारखं झालं. दुसऱ्याला ते गेलं आणि लिंबाच्या सालीचा कडवटपणा वर आला. दात आंबले नाहीत. म्हणजे 'आंबट, झोंबरी नाही, शेवट तुरट आणि कोरडा'. एवढं मराठीत सहज लिहिता आलं.

अडले ते वासाला. आणि आणखी एक प्रश्न. पिंपात असताना मध्येच लाम्बिक दाट, तेलकट, लांब धार धरणारी होते. इथले लोक म्हणतात 'आजारी पडली', आणि काही महिन्यांनी ती आपोआप बरी होते. याला शब्द?

तुरटी :
दह्याला तार सुटते ना, तेच हे. 'ताराळ झाली' म्हणा. पेडियोकॉकसच तो चिकट पदार्थ करतो, आणि मागाहून ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट तो खाऊन टाकतं. 'आजारी' पण सुंदर आहे, ठेवा. आजारी पिंपाला हात लावायचा नाही, वाट बघायची.

रसायनकाका :
वासाचं मी बघतो. 'फंकी' हा आळशी शब्द आहे, त्यात तीन-चार वेगळे वास कोंबलेत. मुख्य करामत त्या ब्रेटॅनोमायसिसची. हे नाव 1904 साली डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीतल्या क्लाउसेन यांनी दिलं, अर्थ 'ब्रिटिश बुरशी', कारण त्यांना ते इंग्लंडच्या मुरवलेल्या बीअरमध्ये सापडलं. हे यीस्ट 4-एथिलफिनॉल तयार करतं. त्याचा वास तबेल्याचा, घोड्याच्या अंगावरच्या कापडाचा, जास्त झाला तर दवाखान्यातल्या पट्टीचा. त्याचंच भावंड 4-एथिलग्वायकॉल, ते लवंगेकडे आणि धुराकडे झुकतं. तिसरा वास तळघराचा, त्याला 'कुबट' हा तयार शब्द आहे. चौथा नखांच्या रंगाच्या पुसणीचा, एथिल ॲसिटेटचा. तो थोडा असला तर फळासारखा, फार झाला तर दोषच.

खोगीरभरती :
घोड्याच्या पाठीवरच्या कापडाला एवढा फेरफटका कशाला? 'खोगिराचा वास' म्हणा! घोड्याच्या घामानं भिजलेलं, वाळलेलं, परत भिजलेलं. नावाला जागलो.

झेन्नाकाठी :
खोगीर मंजूर. मी 'गोठ्याचा वास' लिहून ठेवलं होतं, पण गोठा म्हटलं की शेण आणि दूध येतं, आणि या बीअरमध्ये दोन्ही नाहीत. गवत मात्र असतं, वाळलेलं.

काका, एक राहिलं. काही कोवळ्या गूझमध्ये घोट गिळल्यावर, चांगल्या चार-पाच सेकंदांनी, घशातून एक विचित्र चव उलटून येते. इथले जाणकार तिला 'उंदराची' म्हणतात. मला ती कुठेतरी ओळखीची वाटते आणि ते सांगायची चोरी.

रसायनकाका :
चोरी कसली, ओळखीची असणारच! या दोषामागे जी दोन-तीन संयुगं आहेत, त्यांतलं एक 2-ॲसिटिल-1-पायरोलिन. आंबेमोहोराचा आणि बासमतीचा सुवास त्याचाच. भातात आपण त्याला दाद देतो आणि बीअरमध्ये साहेब नाक मुरडतो. अर्थात सोबतची बाकी मंडळी वाईट आहेत, त्यामुळे नुसता भात वाटेल असं नाही. कोणाला शिळी पोळी वाटते, कोणाला खरोखरच उंदराचं बीळ. काहींना तर येतच नाही.

उशिरा का येते, तर बीअर आम्ल असते तोवर ही संयुगं उडत नाहीत, म्हणून पेला हुंगून पत्ता लागत नाही. तोंडात लाळ मिसळली, आम्लता उतरली, की ती मोकळी होतात. तक्त्यात 'मागाहून येणारी' असा वेगळा रकाना ठेवा, नाहीतर लोक घोट गिळून लगेच गुण देऊन मोकळे होतील. बाटली आणखी काही महिने ठेवली तर बहुधा हा दोष ओसरतो.

माडावरचा :
म्हणजे उंदीर निघून जातो आणि मांजर बोलवावं लागत नाही.

आंबटशौकीन_नाशिक :
शेवटची शंका. पीप की पिंप? आमच्याकडे पाण्याचं ते पिंप, आणि जुनी माणसं पीप म्हणतात.

कोशवाला :
दोन्ही चालतात. मूळ पोर्तुगीज 'पिपा', लाकडी पीप याच अर्थानं आलेला. पाण्याचं प्लॅस्टिकचं पिंप ही नंतरची प्रगती. पोर्ट वाइनच्या मोठ्या, साधारण 550 ते 650 लिटरच्या पिंपाला बेल्जियममध्येही 'पाइप' म्हणतात आणि लाम्बिकवाले अशी जुनी पिंपं विकत घेऊन वापरतात. घराणं एकच. तेव्हा तक्त्यात 'पीप' लिहा, अनेकवचन 'पिपे', आणि कोणी बेल्जियन विचारायला आला तर त्याला शब्द समजावून सांगायला लागणार नाही.