मागून धक्का बसून पुढच्या गाडीवर आदळलो, तर चूक कोणाची धरतात?

सासवडकर: गेल्या रविवारी पुणे-सातारा महामार्गावर, खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या अलीकडे रांग लागली होती, म्हणून मी गाडी थांबवली. तेवढ्यात मागून आलेल्या टेम्पोने जोरात धडक दिली आणि त्या धक्क्याने माझी गाडी पुढच्या मोटारीवर जाऊन आदळली. पुढचे गृहस्थ म्हणतात की त्यांना धडक माझ्या गाडीची बसली, तेव्हा डिकीचा खर्च मीच द्यावा. टेम्पोचालक म्हणतो की मी अचानक ब्रेक मारला. माझ्याकडे डॅशकॅम नाही. अशा वेळी चूक कशी ठरते?

निवृत्त विमा सर्वेअर (अपघातग्रस्त गाड्यांच्या नुकसानीची पाहणी करणारा): साखळी अपघातात आम्ही सर्वांत पुढच्या चालकाला पहिला प्रश्न हाच विचारायचो की, दणका एकदा बसला की दोनदा? एकदाच बसला असेल, तर मधली गाडी बहुधा ढकलली गेलेली असते. दोनदा बसला असेल, तर मधली आधी स्वतः आदळली आणि मग तिला मागून धडक बसली, असा संशय येतो. त्यांना हे आजच विचारा, कारण चार दिवसांनी प्रत्येकाची आठवण आपापल्या सोयीची होते. शिवाय दोन्ही बंपरचे जवळून फोटो काढा. जोरात ब्रेक लागलेल्या गाडीचे नाक खाली झुकते, त्यामुळे पुढच्या गाडीवरची खूण नेहमीपेक्षा खाली उमटते. दुरुस्तीपूर्वी हे टिपले नाही, तर पुरावा गॅरेजमध्येच संपतो.

एक वकील: मागचा नेहमीच दोषी, हे अर्धेच खरे आहे. १९८९ च्या रस्ता नियमावलीत लागोपाठ दोन नियम होते: २३ व्या नियमाने मागच्याने पुरेसे अंतर ठेवायचे आणि २४ व्याने पुढच्याने सुरक्षेच्या कारणाशिवाय अचानक ब्रेक लावायचा नाही. आता तिच्या जागी २०१७ ची नियमावली आहे. अंतराचे बंधन तिच्यातही आहे. निशान सिंग खटल्यात (२०१८) मोटार ट्रकच्या मागे अवघ्या १०-१५ फुटांवरून चालली होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मोटारचालकाचाच निष्काळजीपणा मानला. याउलट २०२५ मध्ये, कोइमतूरच्या एका अपघातात महामार्गावर इशारा न देता एकाएकी थांबलेल्या मोटारचालकावर ५० टक्के, बसचालकावर ३० टक्के आणि मागून आदळलेल्या दुचाकीस्वारावर २० टक्के जबाबदारी त्याच न्यायालयाने टाकली. तुम्ही मात्र टोलच्या रांगेमुळे थांबला होतात, म्हणजे तुमचे कारण उघड आहे. नुकसान फक्त गाडीचे असले, तरी टेम्पोमालक व त्याच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येते. पोलिसांकडे नोंद करून पंचनाम्याची प्रत अवश्य घ्या.

नाशिककर: कृपा करून रस्त्यावर कोणालाही काही लिहून देऊ नका. प्रकरण मिटावे म्हणून मी "चूक माझी" अशी चिठ्ठी दिली होती, आणि पुढे तीच माझ्याविरुद्ध दाखवली गेली. स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती केलीत, तर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जातो, हेही हिशेबात धरा.

सासवडकर: सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या गृहस्थांना आत्ताच फोन केला. "दणका एकच बसला," असे ते म्हणाले. तेवढे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवण्याची विनंती मी केली आणि त्यांनी ते पाठवलेही. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जातो.