घटस्फोट मीच मागितला, तरी दुःख होतंय. ते माझ्या पद्धतीने करू द्यायचं की नाही?

निळीशाई

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय.

गेल्या वर्षी आमचा परस्पर संमतीने घटस्फोट झाला. विषय मी काढला. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं, तिसरं कुणी नव्हतं. एका घरात राहून आम्ही फक्त बिलं आणि वेळापत्रकाचं बोलायला लागलो होतो आणि उरलेलं आयुष्य असंच काढायची मला धास्ती वाटली. निर्णय बरोबर होता, आजही तसंच वाटतं. हे आधीच सांगते, कारण 'मग परत जा ना' असं सुचवणारे भेटतातच.

तरी फार वाईट वाटतं, आणि ते भलत्याच ठिकाणी गाठतं. सह्या करताना डोळ्यांतून टिपूस आलं नाही. परवा मात्र चष्म्याच्या दांडीचा स्क्रू सैल झाला. त्यासाठी घरात एक पिवळ्या मुठीचा इवलासा स्क्रूड्रायव्हर आहे. हे काम कायम तो करायचा. मी झोपले की चष्मा उचलायचा, दांडी घट्ट करायचा, काचा पुसायचा आणि परत उशाशी ठेवून द्यायचा. बोलणं जवळजवळ बंद पडलं होतं त्या दिवसांतही हे चालू होतं. परवा मी स्वतः करायला गेले, तर चष्मा काढल्यावर स्क्रूची खाचच दिसेना. तिथेच जमिनीवर बसून हमसून हमसून रडले.

आता माझी पद्धत. रोज रात्री एका वहीत आमच्या संसारातलं काहीतरी लिहिते, चांगलं आणि वाईट दोन्ही. कुणाला दाखवत नाही. फोटो काढून टाकलेले नाहीत. चार जणांत जाऊन मन रमवावं असं अजून वाटत नाही. मोठी बहीण म्हणते, "तूच मोडलंस ना? मग आता रडतेस कशाला? खपल्या काढत बसू नकोस." ती प्रेमानेच म्हणते, पण त्यानंतर मी तिच्यासमोर हसतमुख राहायला लागले आणि त्यानेच जास्त थकायला होतं.

स्वतःहून मागितलेल्या घटस्फोटाचं असं दुःख इथे कुणाला झालंय का? आणि ही वही चालू ठेवू का?

जुना_सभासद

झालंय. मीही विषय काढणाऱ्यांतलाच.

माझं उलट होतं, मला रडूच येईना. मी चालत सुटायचो. कामावरून आलो की बूट न काढता पुन्हा बाहेर, अंधार पडेपर्यंत. लोकांना वाटायचं, याला काहीच वाटत नाही, दगड आहे. त्या काळात कुणीतरी मला दुःखाच्या पाच पायऱ्या सांगितल्या: नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मी आपला रागाची वाट बघत बसलो. राग काही आला नाही, तेव्हा वाटलं की आपलं दुःख अपुरं आहे, आपण त्या लग्नावर प्रेमच केलं नसणार. ती शंका घटस्फोटापेक्षा जास्त टोचली.

पुढे कळलं की त्या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली मांडल्या, त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. स्वतःच्या मृत्यूला सामोरं जाणाऱ्या माणसांचं ते वर्णन होतं. घटस्फोट, नोकरी जाणं वगैरेंना ते मागाहून चिकटवलं गेलं. सगळ्यांनी त्याच क्रमाने त्याच पायऱ्या चढायच्या असं काही नसतं. हे वाचलं त्या दिवशी मला खरंच हलकं वाटलं.

ताई, तुम्ही नातं संपवलंत. त्यात जे चांगलं होतं, तेही सोबत गेलं. त्याचं वाईट वाटणारच, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

रानवारा

मी वेगळं सांगते, राग मानू नका.

मी सगळं खोक्यांत भरून भावाच्या माळ्यावर टाकलं, फोटो एका पेनड्राइव्हवर घालून तोही त्याच्याकडेच दिला आणि कामात बुडून गेले. लोक म्हणाले, दाबून ठेवतेयस, एक दिवस फुटेल. नाही फुटलं. बऱ्याच काळाने खोकी उघडली, एक दुपार रडले, अर्ध्या वस्तू ठेवल्या, अर्ध्या देऊन टाकल्या. तेव्हा मला ते झेपलं, आधी झेपलं नसतं. म्हणून वही हाच एक खरा मार्ग, असंही धरून बसू नका.

आणि तुमच्या बहिणीबद्दल एक. तिने तुमचे सुजलेले डोळे बघितलेत. तुमचा त्रास तिला बघवत नाही, म्हणून तो लवकर संपवायची तिची घाई आहे. तिला नेमकं सांगा: "मला उपाय नकोय, तू फक्त शेजारी बस." माझ्या भावाला हे सांगेपर्यंत तोही नुसते सल्ले देत होता.

(स्क्रूसाठी: फोनचा कॅमेरा सुरू करून चित्र मोठं करा आणि फोन कशाला तरी टेकवून ठेवा. खाच स्पष्ट दिसते.)

अबोली

समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

होम्स आणि राहे या दोघांनी १९६७ साली आयुष्यातल्या ताण देणाऱ्या घटनांची एक यादी केली. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, त्याखालोखाल घटस्फोटाला ७३. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूला ६३. यादी जुनी आहे, तिच्या मर्यादाही आहेत, पण घटस्फोट कुणी मागितला असा रकाना तिच्यात नाही. केनेथ डोका यांनी १९८०च्या दशकात अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मान्यच करत नाहीत. भेटायला कुणी येत नाही, उलट अभिनंदन करतात. "सुटलीस!" हे तुम्हीही ऐकलं असेल.

रडणं आणि कामात बुडणं यांतलं एकच निवडायचं, असंही नाही. श्ट्रोबे आणि शुट यांनी १९९९ साली मांडलं की दुःखातला माणूस दोन्हींत ये-जा करतो. थोडा वेळ गमावलेल्याकडे बघतो, थोडा वेळ पुढच्या कामांकडे. ती ये-जा चालू असणं चांगलं. अडकतं ते एकाच बाजूला मुक्काम ठोकला की.

आता वही. इथे जरा जपून. लिहिण्याने मन मोकळं होतं हे खूप जणांच्या बाबतीत खरं आहे. पण डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली नुकतेच विभक्त झालेल्या लोकांवर केलेला एक अभ्यास आहे. जे लोक आधीच 'असं का झालं' याचा अर्थ शोधत सतत घोकत होते, त्यांना भावना खोलवर लिहून काढण्याचा फायदा झाला नाही, उलट सावरायला अडथळा आला. त्यांच्यातले ज्यांनी फक्त दिवसभरात काय केलं एवढंच लिहिलं, ते जास्त बरे सावरले.

म्हणून गेल्या काही दिवसांची पानं चाळून बघा. चष्म्याच्या दांडीसारखं काही नवं आठवतंय, की तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय? नवं येत असेल तर खुशाल लिहा. तोच प्रश्न असेल तर काही दिवस नुसती रोजनिशी ठेवा.

आणि झोप उडाली, जेवण तुटलं, कामावर जाणं सुटलं किंवा जगू नये असं वाटायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. तिथे 'माझी पद्धत' म्हणून थांबायचं नाही.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वही चाळली. सुरुवातीची पानं आठवणींची आहेत. अलीकडच्या जवळपास प्रत्येक पानावर 'त्याने एकदाही थांब का म्हटलं नाही' हेच आहे, शब्द तेवढे वेगळे. हे लिहिताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. महिनाभर फक्त दिवसाचं लिहीन.

बहिणीलाही फोन केला आणि रानवाराने सांगितलं तसंच म्हटलं. ती जरा वेळ गप्प झाली आणि मग म्हणाली, "मलाही तो आवडायचा गं." हे मला कधी सुचलंच नव्हतं, की तिचंही कुणीतरी गेलंय. रविवारी येतेय ती.

एक शेवटचं: पुढच्या आठवड्यात त्याचा वाढदिवस आहे. शुभेच्छा पाठवू का?

जुना_सभासद

मी पाठवतो दर वर्षी, एक ओळ. उत्तर आलं तर आलं. पाठवल्यावर दिवसभर फोन उलटापालटा करत बसणार असाल, तर या वर्षी नको. पुढच्या वर्षी बघा.

निळीशाई

बसणार. मग या वर्षी नाही पाठवत.