नदीतलं प्रतिबिंब काढताना सगळा चिखल होतोय, मदत हवी आहे

झाडपान: नदीचं लँडस्केप करतेय. काठ, झाडं, आकाश झकास जमलंय, पण पाण्यात झाडांचं प्रतिबिंब काढायला घेतलं की हिरवा-तपकिरी राडा. व्हिडिओत तो माणूस ब्रश आडवा फिरवतो की पाणी तयार, मी तेच करते तर आकाशाचा निळापण मळतो. पुसून परत केलं तरी तेच. चित्र लवकर द्यायचंय, नीट सांगा कोणीतरी, आणि 'सराव करा' नको प्लीज.

निवांत: कागद आधी ओला करून घ्या, मग रंग सोडा आणि बोर्ड तिरका धरा. आपोआप ओघळतं.

झाडपान: अहो ऑइल आहे, कॅनव्हासवर. पुसलं लिहिलंय ना वर.

गेरू: पाण्याचा खालचा थर ओला होता की वाळलेला? तेल किती घातलंत? ब्रश कुठला? पाणी संथ की लाटांचं?

झाडपान: थोडा ओला. जवसाचं तेल, नेहमीसारखं. ब्रश बारीक गोल. पाणी नदीचं, अजून कसलं असणार!

गेरू: 'थोडा ओला' इथेच गोम आहे. अर्धवट चिकट थर वरचा रंग ओढून घेतो. एकतर पूर्ण ओला आणि एकदम पातळ थर हवा, नाहीतर पूर्ण वाळलेला. पातळ थरावर झाडांचे रंग सरळ वरून खाली उभे ओढा, मग रुंद, मऊ, कोरडा ब्रश जेमतेम टेकवत एकदाच आडवा न्या, आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर चिंधीला पुसा. हे पुसणं कोणी करत नाही आणि मग तोच हिरवा रंग आकाशात जातो. आणि सावलीतली गडद झाडं पाण्यात जरा फिकी घ्या, उजळ आकाश जरा गडद.

तेलघाणा: असं गुळगुळीत केलं की कॅलेंडर होतं. पॅलेट नाइफ (रंग लावायची-खरवडायची बोथट सुरी) घ्या सरळ. फ्रेंच चित्रकार मोनेने 1870 च्या दशकात पॅरिसजवळच्या आर्जंतईला होडीतच स्टुडिओ थाटून नदी रंगवली, बघा ती चित्रं, सुटे सुटे पट्टे आहेत, ब्लेंडिंगबिंडिंग काही नाही.

गेरू: मोने राहू दे, त्यांना चित्र द्यायचंय. ओल्या चिकट थरावर नाइफ म्हणजे अजून चिखल.

भूमिती: मुळात प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राचा उलटा झेरॉक्स नव्हे. उजवीकडे कललेलं झाड पाण्यातही उजवीकडेच कलतं. काठापासून आत असलेल्या झाडाचा कधीकधी फक्त शेंडाच दिसतो. पूल असेल तर वर न दिसणारी त्याची खालची बाजू पाण्यात दिसते. आणि पायाजवळ तळ दिसतो, लांबच्या पाण्यात आकाश जास्त.

झाडपान: पूल नाहीये.

निवांत: टर्पेंटाइनच्या वासाने अजून कोणाचं डोकं दुखतं का?

तेलघाणा: बिनवासाचं स्पिरिट मिळतं. पण वास नाही म्हणजे वाफ नाही असं नसतं, खिडकी उघडी ठेवा.

झाडपान: माझा धागा आहे हा!! खरवडू की वाळू देऊ, एवढंच सांगा.

गेरू: खरवडा. फक्त पाण्याचा भाग, नाइफ आडवा धरून, मग चिंधीला किंचित टर्पेंटाइन लावून पुसा, काठाच्या कडेला हात आवरा.

तेलघाणा: अजिबात नको, काठ पण जाईल. वाळू दे, मग वरून करा. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा कमी नको, पुढे भेगा पडतात.

भूमिती: द्यायचंय कधी पण?

झाडपान: परवा.

गेरू: परवा??? अहो जवसाच्या तेलातलं आठवडाभरात हाताला कोरडं लागलं तरी नशीब. रंग लवकर वाळवणारं अल्किड मीडियम आहे का घरी?