दोन सर्व्हर आणि एक स्विच म्हणजे क्लस्टर नव्हे

दारव्हेकर
काल वणीच्या भाऊंनी लिहिलं: "तालुक्याच्या जिनिंगले काय लागते? दोन सर्व्हर घ्या, एका स्विचले लावा, प्रॉक्समॉक्सचा क्लस्टर करा, एचए चालू करा. एक पडला का दुसरा उचलते. नेटवर्कचं प्लॅनिंग हे मोठ्या डेटासेंटरचे चोचले." (नवख्यांसाठी: प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर; क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरचा गट; एचए म्हणजे एक पडला की त्याच्या व्हीएम दुसऱ्यावर आपोआप उठणं.) रात्रभर डोक्यात तेच राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन नोडच्या (सर्व्हरच्या) क्लस्टरमध्ये प्रत्येकाचं एक मत, म्हणजे मतं दोन आणि बहुमतही दोनच. स्विच बंद पडला की दोघांनाही वाटतं समोरचा गेला, आणि दोघंही बहुमत गमावतात. एचए चालू असेल तर साधारण मिनिटभरात वॉचडॉग (बहुमत गमावलेल्या मशीनला सक्तीनं रीस्टार्ट करणारा पहारेकरी) दोन्ही मशीन रीसेट करतो. दोन्ही सर्व्हर धडधाकट असताना दोन्ही एकदम बसतात. एकच सर्व्हर असता तर तो निदान चालू राहिला असता!

हे मी ऐन कापूस खरेदीत, डिसेंबरात भोगलं. गेटवर गाड्यांची रांग, स्विचच्या यूपीएसची बॅटरी गेलेली, लाइटनं डोळा मिचकावला आणि सगळं खाली. बसवून देणाऱ्यानं तोडगा म्हणून एचए बंद केलं आणि सांगितलं, "आता गरज पडली तर हातानं चालू करू." आठवड्यानं ऑफिस आणि वजनकाटा यांच्यातली केबल तुटली. एक सर्व्हर काट्याच्या खोलीत, दुसरा ऑफिसात. बसवणाऱ्याला वाटलं काट्याकडचा मेला. त्यानं ऑफिसातल्या नोडला जबरदस्तीनं कोरम (बहुमत) दिला आणि तीच व्हीएम तिथं उठवली. काट्याकडची तर चालूच होती. काट्यावरचे कॉम्प्युटर एका डेटाबेसशी बोलत होते, ऑफिसातले दुसऱ्याशी. वजनं इकडे, चुकारे तिकडे. तीन दिवस पावती-पावती जुळवली. शेतकरी दारात उभे होते, त्यांना काय 'स्प्लिट ब्रेन' सांगणार?

म्हणून कागदावर आधी तारा काढा. कोरोसिंकची (सर्व्हर एकमेकांची खबर ठेवतात त्या प्रोग्रामची) पहिली लिंक दोन सर्व्हरमध्ये थेट, मधे स्विच नाही, तिला आयपी ॲड्रेसची वेगळी रेंज (१०.१०.१०.० चं छोटं सबनेट पुरतं). दुसरी लिंक स्विचवरून. कोरोसिंक ३ मध्ये आठपर्यंत लिंक देता येतात, आपल्याला दोन बस. तिसरं मत क्यूडिव्हाइसचं, म्हणजे फक्त मत द्यायला बाहेर ठेवलेल्या प्रोग्रामचं, ते एखाद्या जुन्या पीसीवरही चालतं. रेप्लिकेशन (डेटाची दुसऱ्या सर्व्हरवर नक्कल) आणि बॅकअप तिसऱ्या पोर्टवर, कारण रात्री बॅकअपनं तार भरली की कोरोसिंकचे पॅकेट अडकतात. त्याला पाच मिलिसेकंदांच्या आतली लेटन्सी (पॅकेट पोचायचा वेळ) लागते, बँडविड्थ नाही.

वणीचा_भाऊ
दारव्हेकर, तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटते. पण मी जे लिहिलं ते पंधरा वर्सं तालुक्यात काम करून लिहिलं, पुस्तकातून नाही. तुमी तीन मतं, दोन लिंका, तीन पोर्ट सांगून राहिले. हे सगळं रात्री दोन वाजता बिघडलं का कोन पाहते? माह्या गावात कोरोसिंकचा लॉग वाचनारा एकही मानूस नाही. मी स्वतः तिथून ४० किलोमीटरवर राहतो. त्यापेक्षा एक मशीन, एक तयार स्पेअर, दर रात्री बॅकअप. पडलं का अर्ध्या तासात रिस्टोर. हे फोनवरून मुनीमजीलेही सांगता येते.

दारव्हेकर
मग तसं लिहायचं होतं ना भाऊ! एक मशीन आणि स्पेअर ही वेगळी गोष्ट झाली, तिच्याशी माझं भांडण नाही. तुम्ही लिहिलं "एचए चालू करा". वाचून कोणी केलं तर?

संत्रापट्टा_वरूड
दोघंही मूळ दुखणं सोडून बोलता. ऑफिस आणि काट्याच्या मधे तांब्याची केबल टाकलीच कशाला? आमच्याकडे संत्र्याच्या पॅकिंग शेडपासून ऑफिसपर्यंत ८० मीटर कॅट-सिक्स खांबावरून नेली होती. मृग लागला, पहिली वीज कडाडली, आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळाले. पुढच्या वर्षी पुन्हा. वीज केबलवर पडावी लागत नाही, शेजारच्या शेतात पडली तरी पुरते. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं, मधला फरक तुमच्या सर्व्हरच्या पोर्टमधून वाहतो. आता फायबर आहे, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या केबलला जोडणारी डबी). दोन पावसाळे झाले, एक पोर्ट गेला नाही. आधी हे करा, मग मतं मोजा.

पुसदची_ताई
वरूडचे दादा, फायबर बरोबर आहे, पण अर्थिंगचं नाव घेतलंत म्हणून विचारते, तुम्ही मोजलंय का कधी? आमच्या दवाखान्यात न्यूट्रल आणि अर्थमध्ये १८ व्होल्ट मिळाले मला. वायरमननं काळ्या मातीत चार फुटी सळई ठोकली होती. उन्हाळ्यात ४५-४६ अंशांत आपली काळी माती हात जाईल एवढी भेगाळते, सळईला मातीच चिकटत नाही. खड्डा खोल हवा, मीठ-कोळसा हवा, आणि मार्चपासून रोज बादलीभर पाणी ओतायला माणूस ठरलेला हवा.

संत्रापट्टा_वरूड
मोजलंय ताई. आणि मीठ-कोळसा आता कोणी सुचवू नये. मिठानं पाइप काही वर्षांत खाऊन जातो. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा.

पुसदची_ताई
सुचवणारच. बेंटोनाइट आमच्याकडे नागपूरहून मागवावं लागतं, मीठ किराण्यात मिळतं. पाइप गंजला की बदलता येतो. एक्स-रेचं मशीन जळलं तर पेशंटला यवतमाळला पाठवावं लागतं, त्या दिवशी मला पाइपची चिंता नसते. माझ्यासमोर एका पोराचा हात मोडलेला आणि सर्व्हर बंद, असं झालंय. त्यामुळे "कोणी सुचवू नये" ही भाषा नको.

संत्रापट्टा_वरूड
भाषेबद्दल माफी. पाइपबद्दल नाही.

दारव्हेकर
धागा खड्ड्यात गेला, पण ताईंमुळे मी काल आमचं तपासलं. दोन यूपीएस आहेत म्हणून मी छाती फुगवत होतो. दोन्ही एकाच बोर्डाच्या एकाच एमसीबीवर निघाले. थेट लिंक वेगळी, स्विच वेगळे, आणि वीज मात्र एकाच खटक्यावर. हे माझ्या नकाशात नव्हतंच. आता प्रत्येक तारेच्या शेजारी ती कुठल्या फेजवर आणि कुठल्या यूपीएसवर, तेही लिहितो.

वणीचा_भाऊ
थेट केबलचं मान्य. तीनशे रुपयांत होते, त्याले नाही म्हनायचं कारन नाही. बिना तिसऱ्या मताचं एचए चालू करा असं मी लिहायले नको होतं, तेही मान्य. पन क्यूडिव्हाइस तुमी त्याच स्विचवर ठेवनार ना? मग स्विच आनि एक सर्व्हर संगंच गेले तर?

दारव्हेकर
तर उरलेला थांबेल, आणि थांबायलाच हवा. एकट्यानं चालत राहिला तर पुन्हा तीन दिवस पावत्या जुळवणं आलं. शेतकऱ्याला तासभर "थांबा" सांगता येतं, चुकीचं वजन दिल्यावर तोंड दाखवता येत नाही. शिवाय क्यूडिव्हाइसला कोरोसिंकएवढी कडक लेटन्सी लागत नाही, तो दुसऱ्या इमारतीत ठेवता येतो. आणि सर्व्हरचे दोन पोर्ट दोन स्विचला, बाँड ॲक्टिव्ह-बॅकअप, म्हणजे एक चालू आणि दुसरा राखीव. एलएसीपी (दोन्ही पोर्ट एकदम वापरायची पद्धत) नको, तालुक्यात मिळणाऱ्या साध्या स्विचवर ते जमत नाही.

वणीचा_भाऊ
लॉग कोन वाचनार, हे तुमी अजून सांगितलं नाही.

दारव्हेकर
नाही सांगितलं. उत्तर नाही माझ्याकडे. एका पोराला शिकवतोय, आयटीआय झालेला. सध्या रोज सकाळी त्याच्याकडून थेट केबल काढून घेतो, क्लस्टर टिकतो का ते त्यालाच पाहायला लावतो, मग परत लावायला सांगतो.

पुसदची_ताई
त्याच्याकडून एकदा एक एमसीबीही पाडून घ्या. पण खरेदी सुरू व्हायच्या आधी.