टकीला मुरवली की अगेव हरवतो?

घायपाती
परवा मित्राकडे अडीच वर्षं पिंपात मुरलेली अन्येहो टकीला उघडली. व्हॅनिला, कॅरॅमल, लाकूड. अरे, मग बर्बनच (अमेरिकन व्हिस्की) आणायची! शेतात सहा-सात वर्षं वाढलेला निळा अगेव, टकीलाचा घायपात, गेला कुठे?

टकीलाचा वारसा पिंपात नाही, भट्टीत आहे. मेक्सिकोतल्या टकीला गावची फोर्तालेसा ही टकीला घ्या. साउझा घराण्याने टकीलाचा मोठा धंदा 1976 साली विकला, पण एक जुनी छोटी भट्टी हातची सोडली नाही. पाचव्या पिढीतल्या गिलेर्मो साउझांनी ती पुन्हा पेटवली. विटांच्या भट्टीत शिजलेले अगेवचे गड्डे ताओना नावाच्या दगडी चाकाखाली रगडायचे, लाकडी टाक्यांत आंबवायचे, तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळायचे. एवढी मेहनत कळते ती ब्लांकोत, म्हणजे न मुरवलेल्या टकीलात.

मुरांबा
लोणचं मुरलं म्हणून कैरी गेली असं म्हणता का?

पिंप म्हणजे काही कपाटात ठेवून विसरायची वस्तू नव्हे. रेपोसादो मुरते दोन महिन्यांपासून वर्षाच्या आत, अन्येहो किमान वर्षभर आणि तीही 600 लिटरपर्यंतच्याच पिंपात. तीन वर्षांच्या पुढची एक्स्ट्रा अन्येहो हा वर्ग तर 2006 सालचा. बर्बनला दर खेपेला नवं पिंप लागतं, म्हणून वापरलेली इकडे येतात. हालिस्कोच्या, टकीला गावाच्या प्रांताच्या, उन्हात लाकूड झपाट्याने चढतं. कधी थांबायचं, हे ओळखणं कसब नाही?

घायपाती
कसब आहेच. पण लोणच्यात कैरीची फोड दाताखाली येते, तुमच्या एक्स्ट्रा अन्येहोत ती शोधून दाखवा.

मडगावकर
दोघेही रंगावर भाळलात. मुरलेल्या टकीलात कॅरॅमल, ओकचा अर्क, ग्लिसरीन, साखरेचा पाक मिळून एक टक्क्यापर्यंत चालतो. त्या "व्हॅनिला"तलं लाकडाचं किती, देव जाणे.

आणि दगडी चाक फिरलं तरच वारसा? क्वेर्वो या टकीलावाल्या घराण्याला 1795 साली स्पेनच्या राजाचा परवाना मिळाला. त्यांचा ला रोहेन्या कारखाना आज अवाढव्य आहे, म्हणून जुना नाही का? आमच्याकडेही फेणी पिंपात घालतात. ज्यांना काजूचा वास सोसत नाही, त्यांच्यासाठी, असं माझं मत. शिव्या घाला खुशाल.

मुरांबा
शिव्या नंतर. शनिवारी या. एकाच भट्टीची ब्लांको आणि अन्येहो, डोळ्यांवर पट्टी बांधून. घायपातींनी कैरी ओळखायची.

घायपाती
येतो. लोणचं मी आणतो.