आडनाव कुलकर्णी, पण त्याआधीचे कोणते?

प्रश्न (खटावकर):
आमचे आडनाव कुलकर्णी असून मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे. कुलकर्णीपण येण्याआधी आपले आडनाव निराळे होते, असे आजोबा सांगत. परंतु ते कोणते, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. माळ्यावरील ट्रंकेत लाल फडक्यात गुंडाळलेले तीन मोडी कागद नुकतेच सापडले, पण मला त्यांतील एकावरचे ‘सन 1245’ एवढेच वाचता आले. वडील तो इसवी सन समजून घराणे थेट यादवकाळात नेऊन ठेवतात. शोध कोठून सुरू करावा?

उत्तर (मोडीवाचक):
प्रथम वडिलांना यादवकाळातून परत आणावे. हा सन फसली, म्हणजे महसुली कामासाठी वापरला जाणारा, असेल तर त्यात 590 मिळवावेत, म्हणजे इसवी सन 1835 येते आणि कागद साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीतला ठरतो. शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत चालणारी दुसरी जुनी कालगणना, असेल तर 599 मिळवून 1844 येते. मात्र शुहूर सन बहुधा अरबी शब्दांत लिहीत. 1245 हा ‘खमस अर्बैन मयातैन व अलफ’ असा दिसला असता. आपल्याकडे आकडे आहेत, त्यामुळे फसलीचा संभव अधिक वाटतो.

उत्तर (जुने दफ्तर):
कुलकर्णी हे मुळात गावच्या हिशेबनिसाचे पद आहे, त्यामुळे दोन गावचे कुलकर्णी एकाच वंशाचे असतील असे मुळीच नाही. देशस्थांत, कऱ्हाड्यांत, सारस्वतांत सर्वत्र हे आडनाव आढळते. मुंबई सरकारच्या 1950 च्या कायद्याने वतने, म्हणजे अशी वंशपरंपरागत पदे व त्यांचे हक्क, गेली आणि आडनाव तेवढे उरले. म्हणून आडनावामागे न लागता गाव आणि वतन यांचा माग काढावा. कागदांत ‘तक्षीम’ हा शब्द शोधावा. तक्षीम म्हणजे वतनातील वाटा. किती तक्षिमा आणि त्या कोणाकोणाच्या, हे कळले की भावांच्या शाखा आपोआप उलगडतात, कारण भाऊबंद वतनासाठी भांडत आणि भांडणात वंशावळ मांडावीच लागे. 1852 च्या कायद्याखाली इंग्रज सरकारने केलेल्या इनाम जमिनींच्या हक्कांच्या चौकशीतही अनेक घराण्यांनी अशा वंशावळी दाखल केल्या. पेशवे दफ्तर ज्या पुणे पुरालेखागारात आहे, तेथे गावाचे नाव आणि जुना परगणा घेऊन जावे. आजचा तालुका सांगून तेथे फारसे हाती लागत नाही.

उत्तर (गोदाकाठ):
नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही पाहाव्यात. घराण्यातील कोणी श्राद्धाला किंवा सिंहस्थाला आले असेल, तर त्याने स्वतःच्या हाताने नाव, गाव आणि मुलाभावांची नावे लिहून ठेवलेली असू शकतात. आमच्या पणजोबांच्या नोंदीत त्यांच्या लहानपणी वारलेल्या भावाचे नाव निघाले, जे घरात कोणालाच माहीत नव्हते. मात्र या वह्यांत सुनांची माहेरची आडनावे क्वचितच मिळतात, आणि निम्मा इतिहास तिथेच हरवतो. कुलदैवत व गोत्र विचारले जाते, ते आधी घरातील वडीलधाऱ्यांकडून नक्की करून घ्यावे.

खटावकर:
सर्वांचे आभार. भिंगाने पाहिले असता आकड्यांपुढे ‘फसली’ असेच आहे. एका मोडी जाणकारांनी दुसरा कागद वाचून दाखवला, त्यात ‘तक्षिमा तीन’ असा उल्लेख आहे. आमच्या भावकीला आजवर दोनच शाखा ठाऊक होत्या. पितृपक्षात वडिलांना घेऊन नाशिकला जात आहे; तिसऱ्या शाखेचे कोणी तेथे लिहून गेले आहे का, ते पाहतो.